तक्रार नसलेलं गाव

आमच्या टेंडॉल्स बेंड गावच्या माणसाला साप चावला, तर तो आधी सापाला काही लागलं नाही ना, हे बघेल. माझा शेजारी लायल फिट्झनर, सत्तरीचा ब्रह्मचारी गडी, मागच्या सुगीत त्याचा हात धान्य चढवायच्या यंत्रात सापडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" तर हा म्हणतो, "तक्रार नाही. दुसरा हात ठणठणीत आहे." अशा माणसाला काय म्हणायचं? आणि गावात लायलसारखेच सगळे. वादळात छप्पर उडालं तरी "घरात उजेड छान येतो" म्हणणारे.

मला या स्वभावाचा मनापासून संताप येतो. आमच्या आज्या-पणज्या या कोरड्या मुलखात येऊन तंबूत बाळंत झाल्या आणि त्यांनीही तक्रार केली नाही म्हणे. त्याचं आम्हाला केवढं कौतुक! पण तंबूत बाळंत होणं हा काही गुण नव्हे, ती अडचण होती. हे कोणी बोलत नाही.

तर झालं असं, की एके दिवशी बोटीच्या धक्क्यावर पाटी लागली. आम्ही मरे नावाच्या नदीच्या अलीकडे, मरूना गाव पलीकडे, आणि मधे सरकारी बोट. तारेच्या दोराला धरून गाड्या इकडून तिकडे पोचवते, रात्रंदिवस, फुकट. पाटीवर लिहिलं होतं, की संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत बोट बंद ठेवण्याचा विचार आहे, ज्यांची हरकत असेल त्यांनी आपल्या आमदारांना कळवावं.

पाटी मी दोनदा वाचली. माझा नवरा आयव्हर मरूनाच्या दवाखान्याला लागून जे वृद्धांचं घर आहे, तिथे असतो. विसरतो तो. सकाळी बरा असतो, नर्सेसची थट्टा करतो, पाव मागून खातो. पण दिवेलागण झाली की त्याचा जीव घाबरतो. "गाई बाहेर राहिल्या," म्हणत दाराकडे धावतो. गाई आम्ही विकल्याला कैक वर्षं झाली, पण हे त्याला कोण सांगणार? मी शेजारी बसते, त्याचा हात धरते आणि एकेक गाय आत आणते. "ट्रिक्सी आली बघ. डचेस आली. ती नकटी मॉप्सी मागे रेंगाळतेय, पण येतेय." सगळ्या गोठ्यात आल्या की तो झोपतो. दुसऱ्या कोणाकडून त्या येत नाहीत. नर्सेसनी करून पाहिलं, पण त्यांना गाईंचा क्रम ठाऊक नाही आणि आयव्हरला नेमका तोच ठाऊक आहे.

परत यायला मला नऊ वाजतात. उन्हाळ्यात तर दिवेलागणच मुळी आठनंतर होते. मग सातला बोट बंद झाली तर? पुलावरून जायचं म्हणजे दीड तासाचा वळसा. त्यात अंधारात कांगारू गाडीपुढे उड्या मारणार, आणि माझ्या एका अधू डोळ्याला समोरच्या गाडीचे दिवे म्हणजे नुसतं चांदणं. बोटीचं मात्र माझं नशीब चांगलं आहे. परत येताना ती नेहमी मरूनाकडे, माझ्याच काठाला उभी सापडते, कधी थांबावं लागत नाही. बोट चालवणारा स्टावरोस हात हलवतो, की मी गाडी चढवते. घराच्या रस्त्यावर आधी लायलचं घर लागतं. त्याच्या व्हरांड्यातला दिवा तेवढ्या रात्री जळत असतो. विजेचे भाव काय आणि हा माणूस करतो काय! मी त्याला एकदा टोचलं, तर म्हणाला, "किड्यांना बरं पडतं."

आमच्या आमदार रोवेना शिर्मर. पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत, पण आम्ही त्यांना आमदार म्हणून ओळखतच नाही. पंधरा वर्षं ती या भागात जनावरांची डॉक्टर होती. आमच्या डचेसचं अडलेलं वासरू तिनंच खांद्यापर्यंत हात घालून बाहेर काढलं होतं. त्यामुळे अहो-जाहो काही तोंडात येत नाही. पाटी लागल्यावर तिनं निरोप पाठवला, की शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये येते, सगळ्यांनी या आणि मनातलं बोला.

झालं! गाव कामाला लागलं. म्हणजे बोलायचं काय याचा विचार करायला नव्हे, खायला काय न्यायचं याचा. आमच्याकडे हॉलमध्ये जमायचं म्हणजे प्रत्येक बाईनं एक ताट भरून आणायचं. स्कोन, सॉसेज रोल, क्रीम घातलेला स्पंज केक, माझा जर्दाळूचा कूखन, म्हणजे जर्मन पद्धतीचा केक. टेबल वाकायला आलं होतं. आमदारीणबाई बिचारी खुर्ची पुढे ओढून बसली.

"बोटीचं सांगा," ती म्हणाली. "सातनंतर बंद झाली तर कोणाकोणाला त्रास होईल?"

सगळे आपापल्या ताटलीत बघू लागले. मी चहाच्या पिंपाशी उभी होते. मनात म्हटलं, बोला रे, मेल्यांनो!

शेवटी लायल खाकरला. "तसं काही नाही बाई. आमचं चाललंय."

"लायल, तू शुक्रवारी संध्याकाळी जेवायला पलीकडच्या क्लबात जातोस ना?"

"जातो की. पण शुक्रवार काय, कोणत्याही दिवशी जाता येतं."

"क्लब फक्त शुक्रवारीच जेवण देतो, लायल."

"मग घरी अंडी आहेत," लायल म्हणाला.

ग्लेनिस ऑट मरूनाच्या दवाखान्यात रात्रपाळीची नर्स आहे. बोट बंद झाली की तिची पाळीच जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ती म्हणाली, "उत्तरेकडच्या लोकांना दोन वर्षं पाऊस नाही गं. आधी त्यांचं बघ. आम्ही काय, सुखात आहोत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी स्पंज केक कोणी केला म्हणून विचारलं आणि गप्पा अंड्यांवर गेल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिलेत मी, पण इथे तर अख्खं गाव भांडं पाठीमागे धरून "ताक नकोच आम्हाला" म्हणत होतं.

रोवेनानं कप खाली ठेवला. "हे बघा, मी भरल्या पोटानं आणि रिकाम्या हातांनी अ‍ॅडलेडला गेले, तर मंत्री म्हणतील, लोकांना चालतंय. मग मी काय तोंड उघडू?"

"मंत्र्यांनाही त्यांची कामं असतील," लायल समजूतदारपणे म्हणाला.

तिनं हताश होऊन इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर आली. "अ‍ॅविस, तुमचं काय?"

"माझं?" मी चहाची किटली उचलली. "माझं काय, ठीक चाललंय. तू अजून एक तुकडा घे, कूखन उरलाय सगळा."

आता यावर कोणी मला बोल लावू नये. माझ्या हातात उकळत्या चहाची किटली होती. शिवाय पाहुण्यापुढे घरचं रडगाणं गायचं नसतं. बाकीच्यांना मात्र बसल्या जागी बोलायला काय झालं होतं? भांडी धुताना मी इतकी आदळआपट केली, की ग्लेनिस फडकं घेऊन दूर जाऊन उभी राहिली.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी बोटीवर गाडी चढवली, तर समोर रोवेना. डोक्यावर जनावरांच्या डॉक्टरकीतली जुनी टोपी, हातात थर्मास. एकेका गाडीच्या खिडकीशी वाकून बोलत होती. दुपारपासून उतरलीच नव्हती म्हणे, बोटीबरोबर इकडून तिकडे चालली होती. आमची माणसं समोरासमोर बसवली की मुकी होतात, पण गाडीत बसून खिडकीतून, नदीकडे बघत बोलायचं असलं की जरा सैल होतात. बोट काठाला लागली की बोलणं आपोआप संपतं. त्यामुळे अडकून पडायची भीती नसते.

ती माझ्या खिडकीशी आली. "अ‍ॅविस, तुमचं मी विचारत नाही. त्या दिवशी ऐकलं, ठीक चाललंय. मला दुसऱ्यांचं सांगा. बोट बंद झाली तर कोणाची काळजी वाटते?"

"हे काय नवीन?"

"नवीन नाही, जुनंच. गाय कुठे दुखतंय ते सांगत नाही. पण बाकीचा कळप कोणाभोवती उभा आहे, ते बघितलं की समजतं."

मग काय, माझ्या तोंडाचा बांध फुटला. म्हटलं, "त्या लायलला आठवड्यातून एकदाच माणसाचं तोंड दिसतं, ते शुक्रवारी क्लबात. ते गेलं तर तो भिंतींशी बोलायला लागेल. घरी अंडी आहेत म्हणे! आणि ग्लेनिसची रात्रपाळी गेली तर दिवसाच्या पाळीत जागा नाही, मला पक्कं माहीत आहे. आणि हा स्टावरोस, याची नोकरीच संध्याकाळची. याच्याकडे कोणी बघितलंय? सगळे मूग गिळून बसलेत. अगं, काय लाज वाटते यांना? घोडं मारलंय कोणाचं?"

रोवेना ऐकत होती. बोट पलीकडे लागली. "आणि तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

"माझं चाललंय," मी म्हटलं आणि गाडी उतरवली.

त्या दिवशी आयव्हर फार अस्वस्थ होता. मॉप्सी काही केल्या आत येईना. मला तिला तीनदा हाक मारावी लागली. तो झोपला, मी जराशी बसले आणि निघाले. बोट माझ्याच काठाला होती, नेहमीसारखी. आणि रोवेना अजून तिथेच होती, थर्मास रिकामा करून कठड्याला टेकलेली. बोटीवर गाडी माझी एकटीचीच.

"तू घरी जात नाहीस का?" मी काच खाली केली.

"जाते. एक सल्ला हवाय." ती खिडकीशी आली. बोट सुटली. "विधानसभेत आपल्या भागाची गाऱ्हाणी मांडायला वेळ मिळतो. पण तिथे नुसतं 'लोकांची गैरसोय' म्हटलं की आमदार मोबाइल बघायला लागतात. एक जिवंत माणूस पुढे ठेवावं लागतं. आज जवळजवळ प्रत्येक गाडीनं मला एकाच बाईचं नाव सांगितलं. पण तिनं होकार दिल्याशिवाय मी ते घेणार नाही. आणि ती स्वतःहून तोंड उघडत नाही."

"ग्लेनिस ना?"

"ग्लेनिस नाही."

"मग कोण का असेना!" मी तापलेच होते. "तिला म्हणावं, बाई गं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तुझ्या एकटीच्या गप्प बसण्यापायी सगळ्यांची बोट जाईल. एवढा कसला ताठा? तू माझ्याकडे पाठव तिला. मी बघते."

"पाठवायला कशाला हवंय?" रोवेना म्हणाली. "गाडीतच बसलीय ती."

मी खुळ्यासारखं मागच्या सीटकडे वळून पाहिलं. तिथे आयव्हरचे धुवायचे कपडे होते.

मग मला कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कान तापले माझे. आणि खरं सांगायचं तर आधी रागच आला. माझ्या घरातलं चव्हाट्यावर आणायला या लोकांना सांगितलं होतं कोणी? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून!

"काय काय सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"ग्लेनिस म्हणाली, आयव्हर झोपल्यावर अ‍ॅविस न्हाणीघरात जाते आणि बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा ताजा धुतलेला असतो. सगळ्या नर्सेस तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघतात."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"स्टावरोस म्हणाला, तुमची गाडी पलीकडे गेलेली असली की नऊच्या सुमाराला तो बोट मरूनाच्या काठालाच ठेवतो. तुमच्या गावच्या काठाला कोणी हॉर्न वाजवला तर त्याला थांबवतो. कोणी कुरकुर करत नाही म्हणे. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि लायल?" मी विचारलं.

"लायल आधी क्लबातल्या बटाट्यांबद्दल बोलला. मग म्हणाला, अ‍ॅविसची गाडी बोटीवरून सुखरूप घरी गेलेली दिसल्याशिवाय मी व्हरांड्यातला दिवा मालवत नाही. हल्ली तिला रात्री नीट दिसत नाही, दिवा असला की वळण कळतं."

बोट काठाला लागली होती. पण स्टावरोसनं फाटक उघडलं नाही. आपल्या खोलीत पाठ करून बसला आणि रेडिओचा आवाज बारीक केला. मला रडू आवरेना. इतक्या दिवसांत कोणापुढे रडले नव्हते, ती एका जनावरांच्या डॉक्टरपुढे गाडीत बसून रडले. तिनंही जनावराच्या मानेवर ठेवावा तसा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सातला बोट बंद झाली," मी शेवटी म्हटलं, "तर गाई बाहेर राहतील गं. तो रात्रभर दाराशी उभा राहील. आणि मी इकडे घरात. मला नाही सहन होणार ते. मला अजिबात चालणार नाही, रोवेना. माझी तक्रार आहे."

म्हटल्यावर मलाच नवल वाटलं. आभाळ काही कोसळलं नाही.

"तुमचं नाव घेऊ?" तिनं विचारलं.

"घे. पण मग गाईंचीही घे. क्रमानं."

तिनं खरंच घेतली. एका बुधवारी ती विधानसभेत उभी राहिली आणि ट्रिक्सी, डचेस, मॉप्सी आणि बाकीच्या सगळ्या एकेक करून सभागृहात आणल्या. राज्याच्या कामकाजात आमच्या गोठ्याची नोंद झाली. मोबाइल बघणारे किती होते ते मला ठाऊक नाही, पण ती म्हणाली, मंत्र्यांनी मॉप्सीपाशी मान वर केली. त्यांची आई कुठल्याशा गावी अशीच दाराशी उभी राहते म्हणे. ते त्यांनी तिला नंतर बाहेर गाठून सांगितलं. सभागृहात तेही बोलले नव्हते.

थोड्या दिवसांनी धक्क्यावर नवी पाटी लागली. बोट रात्री अकरापर्यंत चालेल, आणि त्यानंतर दवाखान्याचं काम निघालं तर हाक मारल्यावर येईल. ग्लेनिसची पाळी वाचली, स्टावरोसची संध्याकाळ वाचली. मी लायलला कुंपणावरून ओरडून सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे तशी काही अडचण नव्हतीच." मी त्याला दगड मारणार होते.

त्या रात्री मी आयव्हरपाशी आरामात बसले. सगळ्या गाई आत आल्या, मॉप्सीसुद्धा. त्यानं कडी लावल्यासारखा हात फिरवला आणि झोपला. बोट माझ्याच काठाला होती. मी स्टावरोसला अर्धा कूखन दिला, त्यानं तो रेडिओशेजारी जपून ठेवला.

अलीकडे उतरले, वळणाशी आले. लायलचा दिवा जळत होता. रोज मी त्यावर चरफडत तशीच पुढे जायची. आज गाडी हळू केली आणि समोरचे दिवे दोनदा उघडमीट केले. पुढे जाऊन आरशात पाहत राहिले. व्हरांड्यात कोणीतरी खुर्चीवरून सावकाश उठलं, आणि मग दिवा मालवला.